थरथरीची दहा मिनिटं

माझ्याकडे येणाऱ्या माणसांचे मी सरळ दोन भाग करते: सांगितलेलं ऐकणारे आणि न ऐकणारे. न ऐकणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. ऐकणाऱ्यांची काळजी करायची नसते, असं मला परवाच्या भाद्रपदापर्यंत वाटत होतं.

मी प्रियदर्शनी. अमरावतीत राहते, योगोपचार करते. योगोपचार म्हणजे टीव्हीवर दिसतं तसं पोट आतबाहेर करणं नव्हे. डॉक्टरांचं औषध चालू ठेवून आजारी माणसाला झेपेल असा श्वासाचा, हालचालीचा, विश्रांतीचा कार्यक्रम आखून देणं, हे माझं काम. माझे वडील किसनराव एसटीत कंडक्टर होते. माणूस कुठं उतरणार हे विचारल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही, हा त्यांचा नियम. तो माझ्यात उतरलाय. माझा पहिला फॉर्मच चार पानांचा असतो. झोप, पाळी, शौच, भांडणं, कर्ज, उपवास, सगळं विचारते. लोक वैतागतात. वैतागोत.

दर बुधवारी मी बसनं अकोल्याला जाते. तिथं माझे तीन पेशंट आहेत, त्यांतल्या एक गोदाबाई. वय छप्पन्न, चौदा वर्षांची शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. यजमान वामनराव कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, घरी ऐंशीची सासू पार्बताबाई. दोन वर्षांपूर्वी गोदाबाई भाजीबाजारात साखर एकदम उतरून पडल्या, डोक्याला तीन टाके पडले. तेव्हापासून त्यांच्या मनानं भीती धरली. छातीत जरा धडधडलं, हात जरा थरथरला की मूठभर साखर तोंडात. दिवसातून पंधरा वेळा बोट टोचून मीटरवर मोजायचं. बोटांची चाळणी झालेली, आणि साखर अडीचशेच्या खाली यायला तयार नाही.

त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांनी मला फोन केला होता. "हिची साखर भीतीनं वाढते आहे. भीतीचं तुम्ही बघा. फक्त एक करा, थरथर सुटली की आधी मोजायचं, ते मात्र काढू नका."

मी ते काढलं.

का काढलं ते सांगते, कारण त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात मी गोदाबाईंजवळ बसून पाहिलं. मीटर हातात घेतलं की त्यांची थरथर दुप्पट व्हायची. आकडा चांगला आला तरी त्यांना तो खोटा वाटायचा, मग पुन्हा टोचायच्या. म्हणजे मोजणं हाच आजाराचा भाग झालेला. डॉक्टरांना सांगून बदलावं म्हणून मी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा लागला नाही. तिसऱ्यांदा मी लावलाच नाही.

मग मी माझ्या हातानं, ठळक अक्षरात, त्यांच्यासाठी कागद लिहिला. थरथर सुटली की फोन बंद करायचा. आतल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसायचं. सहा मोजत श्वास सोडायचा, दहा मिनिटं, मध्ये उठायचं नाही. घरच्यांनी आत यायचं नाही, बोलायचं नाही. दहा मिनिटांनंतरही थरथर राहिलीच, तर मोजायचं. आणि खाली, सुई कधीच चुकवायची नाही.

गोदाबाई शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या होत्या. कागदाची झेरॉक्स काढून एक कपाटावर लावली, एक त्या खोलीच्या दारावर. पाच आठवड्यांत मुठीनं साखर खाणं थांबलं. सकाळचा आकडा दोनशे नव्वदवरून एकशे चाळीसवर आला. वामनराव म्हणाले, "मॅडम, तुमी तं जादू केली." मी वरवर नाही नाही म्हटलं, पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी हवेत होते.

तो बुधवार आला. पावणेएकला अकोल्याच्या स्टँडवर उतरले. पहिला पेशंट दोन वाजताचा होता, म्हणून चहा सांगितला, तेवढ्यात वामनरावांचा फोन.

"मॅडम, आज योगा राहू द्या. आज आपल्या घरी महालक्ष्म्यांचं जेवन हाय. तुमी सात वाजता जेवालेच या, काई आयकनार नाई."

"येते की. गोदाबाई दमल्या असतील ना?"

"थे आत बसली हाय. थरथर सुटली म्हने, मंग कागदात लिवल्यापरमानं बसली. मी निंगालो तवा बसलीच होती."

"किती वेळ झाला?"

"झाले असतीन पंधरा-वीस मिनिटं. मी केळीची पानं घ्याले आलो बाजारात."

चहाचा ग्लास हातात आला. मी सहज विचारलं, "सकाळी नीट खाल्लंय ना त्यांनी?"

वामनराव हसले. "आज कशी खाईन? नैवेद्य झाल्याबिगर लक्ष्म्यांच्या घरची बाई तोंडात पानी बी टाकत नाई. सकाळपासून सोळा भाज्या निवडून राहिली थे."

"अहो, पण मी विचारलं होतं! उपवास करता का म्हणून. नाही म्हणाल्या होत्या."

"नाईच करत. एकादशी सोडली, चतुर्थी सोडली, डॉक्टरनं मना केल्यापासून सारं सोडलं. हा कुठं उपास हाय मॅडम? आज तं जेवन हाय."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. आमच्या घरी बाबासाहेब आणि बुद्ध. महालक्ष्म्या बसत नाहीत. पण लहानपणापासून शेजाऱ्यांकडं आम्ही हक्कानं ते जेवण जेवलोय, पुरणपोळी, आंबील, कढी, वडे. नेहमी संध्याकाळी. वाढणारी बाई सकाळपासून उपाशी असते, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. आणि गोदाबाईंच्या हिशेबात त्याला उपवास म्हणतच नव्हते.

"आणि सुई?" माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"घेतली नं. आंघोळ करून नऊ वाजता. तुमीच लिवलं, सुई चुकवाची नाई."

मी चहा तसाच टेकवला. "वामनराव, घरी फोन करा. कुणालाही सांगा, त्यांना साखर द्या. आत्ताच्या आत्ता."

"पन थे आत बसली तवा कोनी मधी जाचं नाई ना? तुमीच तं..."

"मी चुकली! जा म्हना त्याईले आत! साखर द्या!" घाबरले की माझी भाषा थेट माहेरी जाते. चहावाला माझ्याकडं बघत राहिला.

"घरी आज फोन कोन उचलते? बायका साऱ्या चुलीपाशी. बरं, पायतो लावून. मी बी निंगतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी रिक्षात बसले. गोदाबाईंना फोन लावला. बंद. अर्थातच बंद, कागदावरची पहिलीच ओळ ती होती. वामनरावांना लावला तर एंगेज. एकशेआठला लावून पत्ता दिला. गणपतीचे दिवस, निम्म्या रस्त्यावर मंडप, आणि पुलाखाली एक मालाचा ट्रक आडवा. रिक्षावाल्याला मी म्हटलं, "दादा, बाई मरून राहिली घरात." त्यानं मागं वळून पाहिलं नाही, रिक्षा सरळ फुटपाथवर घातली.

त्या दहाबारा मिनिटांत मला जे उमगलं ते पाच आठवड्यांत उमगायला हवं होतं. गोदाबाई दिवसभर मुठीनं साखर खात होत्या, तेव्हा त्यांच्या सुईचा डोस त्या साखरेला पुरेल इतका वाढवत नेलेला होता. वरून पडणारी साखर मी बंद केली. सुई तेवढीच राहिली. म्हणजे आजचं जेवण चुकलं नसतं, तरी केव्हातरी हे होणारच होतं, आणि तेव्हाही त्या उठून आतल्या खोलीत जाऊन बसल्या असत्या. डॉक्टर वेडे नव्हते. भीतीची थरथर आणि साखर उतरल्याची थरथर बाहेरून सारखीच दिसते. घाम तोच, धडधड तीच. त्या दोघींमधला एकुलता एक पहारेकरी मी नोकरीवरून काढून टाकला होता, आणि वर स्वतःची पाठ थोपटली होती. मला स्वतःची इतकी चीड आली की दात दुखायला लागले.

घरासमोर रांगोळीची पावलं काढलेली. मी चपला न काढता त्यांवरून आत शिरले. बैठकीत दोन्ही महालक्ष्म्या उभ्या, नव्या साड्या, नाकात नथी, समोर फराळाची ताटं. आत मिक्सरचा आवाज. ओट्यावर टॉवेलखाली एक मोबाइल उजळत होता आणि कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं.

आतल्या खोलीच्या दाराशी पार्बताबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात काठी. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल बाई. लेकरं मधी जाऊन राहिले होते, म्हून मी इथं बसली. आतलं मोडलं नाई पाहिजे."

इथं एक कबुली देते. माझ्या फॉर्ममध्ये 'ताणाची कारणं' अशी एक ओळ आहे. तिच्यापुढं मी, गोदाबाईंनी न सांगताच, 'सासू' असं लिहिलं होतं. ही म्हातारी अर्धा तास कडक खुर्चीवर बसून सुनेची दहा मिनिटं राखत होती.

"आजी, सरका," म्हणून मी दार ढकललं.

गोदाबाई भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. मान खांद्यावर कलंडलेली. हिरवी साडी घामानं अंगाला चिकटलेली, डोळे अर्धवट उघडे, पण ते मला बघत नव्हते. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"सहा," त्या म्हणत होत्या. "सहा... सहा... सहा..."

मी ओरडले, "साखर आणा! मीटर आणा!"

त्यांची लेक रागिणी, सणाला वलगावहून आलेली, पिठाच्या हातांनी धावत आली आणि आईला बघून दारातच थिजली. पार्बताबाईंनी तिला काठीनं ढोसलं. "उभी काहून राहिली वं? डबा आन साखरेचा!"

मीटरनं अडतीस दाखवले. सत्तरच्या खाली धोका असतो. मी वाटीत साखर कालवली, गोदाबाईंची हनुवटी धरली. हाक मारली की पापणी हलत होती, गिळता येईल असं वाटत होतं. पूर्ण शुद्ध गेली असती तर पाणी पाजणंही जिवावर बेतलं असतं, श्वासात गेलं असतं. वेळ किती उरलाय ते मला माहीत नव्हतं. मी चमचा ओठाला लावला.

त्यांनी दात आवळले.

"गोदाबाई, तोंड उघडा. साखर आहे."

"नैवेद..." दातांच्या फटीतून आलं. "नैवेद व्हाचा हाय."

मी समजावलं, रागावले, गाल दाबले. जबडा गच्च. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. रागिणी रडायला लागली. मी बोटानं कोरडी साखर गालाच्या आत सारायला बघत होते आणि त्या तोंड वळवत होत्या. ज्या बाईला काहीएक समजत नव्हतं, तिला एवढं मात्र समजत होतं की आज आधी खायचं नाही.

पार्बताबाई काठी टाकून खाली बसल्या. त्या वयात जमिनीवर बसायला त्यांना किती त्रास होत असेल ते मला नंतर जाणवलं. त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गुरं हाकताना लावतात तसा आवाज लावला. "गोदे! नैवेद झाला! मी सोता दाखवला. आरती झाली, पाव्हने जेवाले बसले. तू येकटीच राहिली. खा!"

धादांत खोटं. चुलीवर अजून पुरण शिजत होतं.

गोदाबाईंनी तोंड उघडलं.

एक चमचा, मग दुसरा. प्रत्येक वेळी मी गळ्याकडं बघत होते, घोट उतरतोय की नाही. सहाव्या चमच्याला त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दहाव्याला म्हणाल्या, "मॅडम, तुमी कवा आल्या?" पुन्हा टोचलं, बावन्न. ॲम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता, म्हणून शेजारच्या मोतीरामभाऊंच्या गाडीतून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. पानांचा भारा हातात घेऊन वामनराव तिथंच येऊन पोचले.

पाच वाजेपर्यंत आकडा एकशे दहावर स्थिरावला. हाताला सलाईन, अंगावर दवाखान्याची चादर, गोदाबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि आंबिलीत मीठ घातलं का, असं रागिणीला विचारत होत्या. वामनराव येईल त्या नर्सला सांगत होते, "या मॅडम नसत्या नं, तं आज खेळ खलास होता. देवानंच धाडलं त्याईले." मोतीरामभाऊंनी मला नमस्कार केला. रागिणीनं माझे दोन्ही हात धरले. मला कुठंतरी तोंड लपवावं असं झालं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. कुणी मला काही विचारलंच नव्हतं. मग डॉक्टर आले. त्यांनी फाइल पाहिली आणि गोदाबाईंना म्हणाले, "थरथर सुटली की आधी मोजायचं, हे ठरलं होतं ना आपलं? मोजलं का नाही?"

गोदाबाईंनी मान खाली घातली. ओरडा खाताना पहिल्या बाकावरची मुलगी घालते तशी. त्या माझं नाव घेणार नव्हत्या, हे मला त्याच क्षणी कळलं.

"मी काढलं ते," मी म्हणाले. "तुम्हाला न विचारता. तुम्ही काढू नका म्हणाला होतात, तरीही. यांनी माझ्या कागदावरचं सगळं अक्षर अन् अक्षर पाळलं. आज हे झालं ते माझ्यामुळं झालं."

डॉक्टरांनी फाइल मिटली. "सुईचा डोस कमी करायला हवा होता. साखर खाणं थांबलं, हे मला कळवायचंत तरी." त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. ते बाहेर गेले. रागिणीनं माझे हात केव्हा सोडले ते मला कळलं नाही. वामनराव पानांच्या भाऱ्याची दोरी सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. शेवटी म्हणाले, "पन तुमी धावत आल्या नं." त्यांना माझी बाजू घ्यायची होती. मला ते ऐकवेना.

मी स्टुलावर बसले. पेशंटपुढं रडायचं नाही, असा माझा नियम आहे. तेवढा पाळला.

थोड्या वेळानं गोदाबाईच बोलल्या, हळू, यजमानांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

"मॅडम, तुमी वाईट वाटून घेऊ नका. येक सांगू? मले समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"की ही भीतीची नोय. भीतीची थरथर माह्या पोटातून वर येते, आन अशी थांबत थांबत येते. ही पह्यलेच ओठावर आली. ओठ बधिर झाले, जीभ जड झाली, वास येईना पुरनाचा. बाजारात पडली होती नं, तवा अशीच आली होती. मी बसली तवाच मले समजलं की ही दुसरी हाय."

चार पानांचा माझा फॉर्म. झोप, पाळी, शौच, भांडणं, कर्ज, उपवास. थरथर कशी येते, कुठून सुरू होते, दोन तऱ्हेची असते का, हे मी विचारलं नव्हतं. दोन वर्षं त्या बाईनं स्वतःच्या अंगावर पहारा दिला होता. तिला जे माहीत होतं ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, आणि मला तर नव्हतंच.

"मग उठलात का नाही?" मी म्हणाले. "हाक का नाही मारली? आजी दाराशीच होत्या."

गोदाबाईंना माझा प्रश्न समजलाच नाही असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. सुया टोचून टोचून काळी पडलेली बोटं त्यांनी माझ्या मनगटावर ठेवली, माझीच समजूत घालत असल्यासारखी.

"तुमी शिकलेल्या," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माहंच चुकत असंन."